गोष्ट सांगून झाली की गप्प बसायचं, की अर्थ सांगायचा?

कथेकरीण

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत असलेलं आज इथे मांडतेय.

मी ख्रिस्ती आहे. आमच्या मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) आम्ही चौघीजणी गेली सहा वर्षं दर आठवड्याला एका गटाला बायबलमधल्या गोष्टी सांगतो. ऐकणारे दुसऱ्या भाषेचे, दुसऱ्या संस्कृतीतले. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांची भाषा आम्ही मागाहून शिकलो, अजूनही चुकतो. पुस्तक मधे येत नाही. गोष्ट मनात पक्की करायची आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगायची. मग ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी तीच गोष्ट परत सांगतं, राहिलेलं बाकीचे भरून काढतात आणि मग गप्पा सुरू होतात.

मागच्या महिन्यात लूकच्या १५व्या अध्यायातली उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली. धाकटा वाटणी मागतो, दूर देशी जाऊन सगळं उडवतो, उपाशी परत येतो. बाप धावत जाऊन गळ्यात पडतो, पुष्ट वासरू कापतात. थोरला रागावून घराबाहेर उभा राहतो. गोष्ट संपली. तोवर कधी तोंड न उघडलेले एक आजोबा म्हणाले, "वाटणी झाली होती ना? मग ते वासरू थोरल्याच्या वाट्याचं. त्याला कुणी विचारलं का?"

मी घाईघाईने म्हणाले, "बाबा, मुद्दा तो नाही, मुद्दा क्षमेचा आहे." आणि क्षमेवर पाच-सात मिनिटं बोलले. त्यांनी मान डोलावली आणि गप्प झाले. पाठोपाठ सगळा गट गप्प झाला.

घरी येऊन लूक पुन्हा वाचला. १२व्या वचनात बापाने मालमत्ता 'त्यांच्यात' वाटली, म्हणजे दोघांत. आणि ३१व्यात तो थोरल्याला म्हणतो, जे माझं ते सगळं तुझंच आहे. म्हणजे आजोबांनी गोष्ट माझ्यापेक्षा नीट ऐकली होती! लहानपणापासून ऐकतेय ही गोष्ट, पण ते वासरू कुणाचं हा प्रश्न मला कधी पडला नाही. आणि ज्यांना पडला त्यांना मीच गप्प केलं. तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

ऐकणारा गोष्ट आपल्या वाटेने नेऊ लागला तर सांगणाऱ्याने काय करावं? आणि परक्या संस्कृतीत सांगताना मूळ गोष्ट किती हलवावी? अनुभव असलेल्यांनी लिहा. नसलेल्यांनीही लिहा.

रानपाखरू

वासरू कुणाचं! मी आत्ता उठून बायबल काढून पाहिलं. खरंच की. वाचनखूण साठवली.

तळटीप

कथेकरीण, तुमच्या आजोबांना सोबत आहे. मार्क अ‍ॅलन पॉवेल नावाचे नव्या कराराचे अभ्यासक आहेत. त्यांनी हीच गोष्ट घेऊन एक प्रयोग केला होता. लोकांनी ती वाचायची, पुस्तक मिटायचं आणि आठवेल तशी दुसऱ्याला सांगायची. अमेरिकेतल्या १०० जणांपैकी फक्त ६ जणांनी सांगताना दुष्काळाचा उल्लेख केला. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये ५० पैकी ४२ जणांनी केला. ते शहर दुसऱ्या महायुद्धात वेढ्यात अडकून उपासमारीने पोळलेलं. त्यांच्या आजी-आजोबांनी भूक पाहिली होती, त्यामुळे १४व्या वचनातला 'मोठा दुष्काळ' त्यांच्या कानातून निसटला नाही. अमेरिकनांच्या लेखी मुलगा उपाशी राहिला कारण त्याने पैसे उडवले.

पुढे टांझानियात विचारलं की मुलगा उपाशी का राहिला? उत्तर आलं, "कारण त्याला कुणी काही दिलं नाही." हेही १६व्या वचनात शब्दशः आहे. परक्या माणसाला उपाशी ठेवणारा तो देशच त्यांना दोषी वाटला.

तिन्ही कारणं मजकुरात आहेत, आणि प्रत्येक समाजाला त्यातलं एक आधी ऐकू येतं. म्हणून मला वाटतं की दुसऱ्या संस्कृतीतला श्रोता गोष्ट बिघडवतो असं धरून चालू नये. पुष्कळदा आपल्या कानाने गाळलेलं तो परत आणून देतो.

सेवानिवृत्त_पाळक

बाई, तुमची कळकळ पोचली. पण मी थोडा वेगळा सूर लावतो.

चाळीसेक वर्षं उपासना चालवल्या. नुसती गोष्ट सांगून सोडून दिली की काय होतं ते पाहिलं आहे. देवाने सांगितलं म्हणून अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला वेदीवर बांधतो ही गोष्ट एकदा एका नव्या गटात कुणीतरी सांगितली आणि अर्थ न लावताच निघून गेलं. पुढचे कित्येक दिवस त्या घरांतली मुलं घाबरून होती की हा देव मुलं मागतो. शेवटी मुलाऐवजी एडका मिळाला हा भाग सांगितला होता, पण त्यांच्या मनात सुरीच राहिली. गोष्टीला धार असते. ती हातात देऊन निघून जाऊ नये.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८. कूशी (इथिओपियाचा) अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतो आहे. येशूचा अनुयायी फिलिप्प विचारतो, "वाचता ते समजतं का?" तो म्हणतो, "कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजेल?" वाट दाखवणारा लागतोच. तेव्हा अर्थ सांगणं हे पाप समजू नका.

उंबरठा

मी ख्रिस्ती नाही. मौखिक परंपरेत रस आहे म्हणून धागा उघडला. एक अडचणीचा प्रश्न विचारतो, राग मानू नये.

प्रवचनाला माणूस 'नको' म्हणू शकतो. वादाला प्रतिवाद करू शकतो. गोष्टीपुढे तो निःशस्त्र असतो, कारण गोष्ट ऐकताना आपण सावध नसतो. समोरची माणसं निरक्षर, परक्या भाषेची, कदाचित अडचणीतली. तुमचा हेतू त्यांना आधी माहीत असतो का? की गोष्टीच्या मऊ कापडात गुंडाळून श्रद्धा हातात ठेवली जाते?

कथेकरीण

उंबरठा, राग कसला? हा प्रश्न आम्हाला पहिल्याच वर्षी त्या गटातल्या एका बाईंनी विचारला होता, तुमच्याइतक्या सौम्यपणे नव्हे. तेव्हापासून बसल्याबरोबर पहिलं वाक्य हेच असतं: "ही आमच्या श्रद्धेची गोष्ट आहे. आम्ही ती खरी मानतो. तुम्ही मानलीच पाहिजे असं नाही." कुणाला औषध, कागदपत्रं, कशातही मदत लागली तर ती वेगळ्या दिवशी होते, गोष्टींना न येणाऱ्यांचीही होते. लहान मुलं आईबाप सोबत असतील तरच बसतात.

आणि दर दोन-तीन बैठकींनंतर त्यांची पाळी असते. ते त्यांच्या गोष्टी सांगतात, आम्ही ऐकतो आणि आम्हीच परत सांगतो. आमच्या चुकांवर ते पोट धरून हसतात. सांगणाऱ्याने ऐकणाराही व्हावं, नाहीतर तुम्ही म्हणता तेच खरं ठरेल.

पाळकसाहेब, इसहाकाचा दाखला मनाला लागला. त्यावर विचार करतेय.

दुभाषी

मी भाषांतराच्या क्षेत्रातला, म्हणून 'किती हलवावी' यावर लिहितो. थोडं लांबेल.

९व्या शतकात जुन्या सॅक्सन भाषेत (आजच्या उत्तर जर्मनीतल्या लोकांच्या) येशूचं चरित्र एका अज्ञात कवीने महाकाव्य म्हणून रचलं. नाव 'हेलियान्ड', म्हणजे तारणारा. सुमारे ६,००० ओळी, मोठ्याने म्हणण्यासाठी रचलेल्या. श्रोते योद्धे. त्यामुळे येशू त्यांचा सरदार झाला आणि शिष्य त्याचे एकनिष्ठ शिलेदार. येशूच्या जन्माच्या रात्री रानात मेंढपाळ नाहीत, घोडे राखणारे आहेत! ऐकणाऱ्याला आपलं वाटावं म्हणून किती प्रेमाने केलं असेल हे. पण त्याच कवीने 'दुसरा गाल पुढे कर' हे वचन गाळलं. योद्ध्यांच्या बैठकीत ते जड गेलं असतं. माझ्या मते सीमा या दोन बदलांच्या मधे आहे. मेंढपाळाचा अश्वपाल झाला तर येशू हरवत नाही. गाल गाळला तर हरवतो.

दुसरं उदाहरण १९६२चं. डॉन रिचर्डसन आणि त्यांची पत्नी कॅरल त्या वेळच्या डच न्यू गिनीत सावी लोकांत राहायला गेले. तिथे विश्वासघात ही कला मानली जाई. माणसाशी मैत्री वाढवायची, त्याला लाडाने पोसायचं आणि मग मारायचं. हे जमलेला वीर. रिचर्डसननी येशूच्या शेवटच्या आठवड्याची गोष्ट सांगितली तेव्हा श्रोत्यांनी कौतुक केलं ते येशूला पकडून देणाऱ्या शिष्याचं, यहूदा इस्कार्योताचं.

विचार करा. तीन वर्षं सोबत जेवला आणि मुका घेऊन पकडून दिलं. सगळा तपशील बरोबर, भाषा बरोबर, आणि गोष्टीचा नायक यहूदा.

पुढे दोन गावांच्या लढाया थांबेनात म्हणून रिचर्डसन दाम्पत्य निघून जायला निघालं, तेव्हा सावींनी आपला एक जुना विधी केला. एका गावातल्या बापाने स्वतःचं तान्हं मूल शत्रूच्या हाती दिलं. ते मूल जिवंत असेपर्यंत शांतता टिकणार, आणि त्या मुलाला इजा करणं हा सर्वांत मोठा गुन्हा. मग रिचर्डसननी परत सांगितलं: देवाने आपला मुलगा दिला, तो कायमचा जिवंत आहे, म्हणून ही शांतता मोडत नाही, आणि यहूदाने विश्वासघात केला तो त्या मुलाचा. त्या क्षणी यहूदा वीर राहिला नाही.

इथे गोष्टीतला एकही प्रसंग बदलला नाही. ती ऐकण्याची जागा सापडली, आणि ती सावींच्याच घरात होती. बाहेरच्या माणसाला ती शोधून काढता आली नसती. त्यांनी ती त्याच्या डोळ्यांसमोर करून दाखवली.

पहाटवारा

अंगावर काटा आला. तान्हं मूल देणाऱ्या त्या आईचं काय झालं असेल हेच मनात येत राहिलं.

उंबरठा

दुभाषी, सुंदर लिहिलंत. पण हेलियान्डच्या आधीची पानंही उलटू या. फ्रँकांचा ख्रिस्ती राजा शार्लमेन याने सॅक्सन लोकांशी ७७२ ते ८०४ लढाया केल्या आणि बाप्तिस्मा तलवारीच्या धाकाने लादला. त्यांचे नातू-पणतू पुढे ही प्रेमाने रचलेली गोष्ट ऐकत होते. गोष्ट गोड होती, पण ती सांगायला मोकळं अंगण कसं मिळालं हेही सांगायला हवं.

जुनी_वही

उंबरठा यांच्या मुद्द्याला जोडून आपल्याच भाषेतलं उदाहरण. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट (येशूसंघी पाद्री) १५७९ मध्ये गोव्यात आले, मराठी-कोंकणी शिकले आणि १६१६ मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं. जवळजवळ ११,००० ओव्या, लिपी रोमन, भाषा मराठी. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. मांडणी पुराणिकाची: पाद्रीगुरू सांगतो, श्रोते मधे मधे शंका विचारतात, तो उत्तर देतो.

शंकांसाठी त्यांनी रचनेतच जागा ठेवली हे मला फार मोलाचं वाटतं. कथेकरीण, तुमच्या आजोबांची जागा स्टीफन्सनी ४०० वर्षांपूर्वी आखून ठेवली होती.

आणि उंबरठा, तुमची शंकाही त्याच ग्रंथाच्या आरंभाशी आहे. नवे ख्रिस्ती झालेले लोक फादरांना विचारतात की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरं का देत नाही? गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन (धर्मद्रोहाबद्दल शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय) होतं, गोव्यातल्याच साष्टीतली देवळं पाडली गेली होती. म्हणजे ज्या लोकांच्या कानातून कथा काढून घेतल्या, त्यांनीच कथा मागितली. स्टीफन्सनी मनापासून दिली, अप्रतिम मराठीत दिली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि ख्रिस्तपुराणावर प्रेम करणाऱ्या माझ्यासारख्याने दोन्ही सांगायला हव्यात.

टिकलं कसं तेही बघा. १६१६, १६४९, १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांची एकही छापील प्रत आज हाती नाही. हस्तलिखितं आणि गाणारे गळे यांनी ते पुढे नेलं, आणि १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा छापलं गेलं.

उंबरठा

"ज्यांच्या कानातून कथा काढून घेतल्या, त्यांनीच कथा मागितली." हे वाक्य लिहून ठेवलं. धन्यवाद. असं सरळ कबूल करणारा माणूस भेटला की पुढचं ऐकावंसं वाटतं.

चित्रवही

थोडं विषयांतर. मी मुलांना गोष्टी सांगते. आमच्याकडे 'शब्दाविना पुस्तक' वापरतात, अक्षरं नाहीत, नुसती रंगीत पानं. स्पर्जन या इंग्रज धर्मोपदेशकांनी १८६६ मध्ये लंडनमधल्या प्रवचनात ते सांगितलं, तेव्हा तीन पानं होती: पापाचं काळं, येशूच्या रक्ताचं लाल आणि शुद्धतेचं पांढरं. सोनेरी पान मूडी या अमेरिकन धर्मोपदेशकांनी १८७५ मध्ये वाढवलं. पुढे हिरवंही आलं. निरक्षरांसाठी उत्तम, भाषेची अडचण नाही, असं मलाही वाटायचं.

मग एका बैठकीत काळं पान उघडून "हे पाप" म्हटलं आणि समोर एक सावळी मुलगी स्वतःच्या हाताकडे बघायला लागली. मी ते पान परत उघडलं नाही. आणि जगातल्या कितीतरी समाजांत पांढरा रंग सुतकाचा. अक्षरं काढली म्हणजे भाषा गेली असं होत नाही, रंगही बोलतात. आता मी गोष्टच सांगते, आणि अंधार म्हणायचा असेल तर 'दिवा नसलेली रात्र' म्हणते.

पहाटवारा

चित्रवही, ते पान मिटलंत हे फार बरं केलंत.

हातवारे

'मौखिक' शब्दावर माझी एक विनंती. मी बहिऱ्या लोकांसोबत काम करते. आमच्याकडे तोंडही नाही आणि कानही नाही, तरी गोष्ट आहे. आणि ती इतकी जिवंत असते की ऐकणारी माणसं बघत राहतात. जन्मापासून बहिऱ्या माणसासाठी लिखित भाषा ही पुष्कळदा परकी भाषाच असते, त्यामुळे 'बायबल वाचा' म्हणणं म्हणजे परभाषेत वाचा म्हणण्यासारखं. अमेरिकन खुणांच्या भाषेत संपूर्ण बायबल २०२० मध्ये पूर्ण झालं, तेही अर्थातच व्हिडिओवर.

खुणांत एक गंमत आहे, तिचा या धाग्याशी संबंध आहे. मोघम सांगता येत नाही! बाप धावला, पण कुठल्या दिशेने? मुलगा समोरून येतोय की चढावरून? थोरला भाऊ कुठे उभा आहे? जागा ठरवावीच लागते. आमच्या एका मैत्रिणीने थोरल्याला इतकं लांब उभं केलं होतं की बापाला त्याच्यापर्यंत जायला धाकट्याइतकंच चालावं लागलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की बाप दोन्ही मुलांसाठी घराबाहेर आला होता.

रानपाखरू

हातवारे, हे वाचून थोडा वेळ मोबाईल बाजूला ठेवला. २८वं वचन: "त्याचा बाप बाहेर येऊन त्याला विनवू लागला." होतं तिथेच.

सेवानिवृत्त_पाळक

हे सगळं हृद्य आहे. तरी माझी काळजी मिटलेली नाही. तोंडातून तोंडात जाताना गोष्ट पसरट होते, फाटे फुटतात. दहा वर्षांनी काय उरेल? लिखित वचनाला तोच आधार आहे.

तळटीप

पाळकसाहेब, केनेथ बेली यांनी इजिप्त, लेबनॉन वगैरे भागांत अनेक दशकं काढली. १९९१ मध्ये त्यांनी गावांतल्या संध्याकाळच्या कथाबैठकींवर लिहिलं. म्हणी आणि कविता यांत एक शब्दही बदलू देत नाहीत. चुकलात तर सगळी बैठक एकमुखाने दुरुस्त करते. दाखले आणि गावाच्या आठवणींतल्या कथा यांत थोडी सूट असते, पण गाभा, क्रम आणि शेवटचं वाक्य हललेलं चालत नाही. विनोद आणि इकडच्या-तिकडच्या बातम्या यांना पूर्ण मोकळीक. म्हणजे गोष्ट राखते ती बैठक, एकटा सांगणारा नव्हे. बेलींच्या निष्कर्षांवर नंतर अभ्यासकांनी आक्षेपही घेतले आहेत, पण चूक सुधारणारी बैठक आपल्यापैकी अनेकांनी अनुभवली असेल.

आणि शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चरित्रं, लिहिली जाण्यापूर्वी काही दशकं ती तोंडीच होती. प्रेषित पौल १ करिंथ १५ मध्ये 'मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं' असं म्हणतो, ते शब्द पाठांतराने पुढे सोपवण्याचे आहेत. दुसऱ्या शतकातले हिरापलीचे बिशप पपियास तर पुस्तकांपेक्षा जिवंत वाणीचा जास्त उपयोग होतो म्हणायचे.

आजीची_पिशवी

बैठक सुधारते हे अगदी खरं! माझी बैठक म्हणजे साडेचार वर्षांची नात. योनाच्या गोष्टीत मी 'देवमासा' म्हणाले. ती उठून बसली. "आजी, देवमासा नाही, मोठा मासा!" बायबल उघडून पाहिलं, मोठा मासाच. पाळकसाहेब, दहा वर्षांची काळजी करू नका, तोवर ही चौदा-पंधराची होईल.

सेवानिवृत्त_पाळक

आजी, तुमच्या नातीपुढे मी नमतो. 😊

जुनी_वही

पपियास निघाले म्हणून कॅडमन आठवला. ७व्या शतकात इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या मठात गुरं राखणारा माणूस. मेजवानीत वीणा हातोहात फिरायची, आपली पाळी यायच्या आत हा उठून गोठ्यात जायचा, कारण गाता येत नाही. एका रात्री स्वप्नात कुणीतरी म्हणालं, "कॅडमन, मला काहीतरी गाऊन दाखव." आणि तो सृष्टीच्या निर्मितीचं गाणं गायला. पुढे मठाच्या प्रमुख हिल्डा यांनी त्याला ठेवून घेतलं. त्याला वाचता येत नव्हतं; विद्वान साधू त्याला बायबलमधला प्रसंग सांगायचे आणि तो त्याचं गाणं करायचा. बीड या इतिहासकाराने ७३१च्या सुमारास हे नोंदवलं, आणि त्याने शब्द वापरलाय रवंथाचा. ऐकलेलं पोटात घेऊन गाय जसं रवंथ करते, तसं तो करायचा आणि मग गायचा.

कथेकरीण, तुम्ही आजोबांना रवंथ करू दिलं नाहीत एवढंच झालं.

दुभाषी

रवंथ. बरोबर शब्द.

पाळकसाहेबांच्या इसहाकाच्या प्रसंगावर थोडं. मला वाटतं तिथे अर्थ सांगितला नाही याहून मोठी चूक ही की ती गोष्ट सुटी सांगितली. ट्रेव्हर मॅकिलवेन हे ऑस्ट्रेलियन मिशनरी फिलिपिन्समधल्या पलावान बेटावर गेले तेव्हा तिथे ख्रिस्ती म्हणवणारे पुष्कळ होते, पण शिकवण मुद्द्या-मुद्द्याने मिळालेली, पायाच नव्हता. त्यांनी पुन्हा उत्पत्तीपासून, बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, सुरुवात केली आणि येशूपर्यंत गोष्टी क्रमाने सांगितल्या. अब्राहामाला वृद्धपणी मूल देणारा देव आधी भेटलेला असेल, त्याची तीस-चाळीस वर्षांची सोबत ऐकलेली असेल, तर वेदीवरची सुरी एकटी उरत नाही. गोष्टीचा अर्थ बराचसा आधीच्या गोष्टीच सांगतात.

मुक्काम

ध्वनिमुद्रणाबद्दल कुणी बोललं नाही. जॉय रिडरहॉफ होंडुरासमध्ये मिशनरी होत्या, मलेरियाने खंगून लॉस एंजेलिसला परतल्या. परत जाता येईना, म्हणून १९३९च्या सुमारास स्पॅनिशमध्ये तबकड्या काढून पाठवायला लागल्या. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेकडे आज ६,००० हून अधिक भाषा-बोलींत ध्वनिमुद्रणं आहेत. बोलणारा निरक्षर असेल तर एकेक वाक्य त्याला सांगायचं, त्याने आपल्या बोलीत म्हणायचं आणि मग तुकडे जोडायचे.

मोठं काम आहे, आदर आहे. पण तबकडी वासराबद्दल विचारणाऱ्या आजोबांना उत्तर देऊ शकत नाही. अर्थात, ती त्यांना गप्पही करत नाही.

सेवानिवृत्त_पाळक

मुक्काम यांचं शेवटचं वाक्य वाचून काल रात्री कृत्ये ८ परत काढलं. इतकी वर्षं त्यावर बोललो, पण एक गोष्ट आज बघतोय. फिलिप्प आधी प्रश्न विचारतो. मग तो अधिकारी त्याला वर रथात बोलावतो. ३४व्या वचनात विचारतो, "संदेष्टा हे कुणाविषयी बोलतो? स्वतःविषयी की दुसऱ्या कुणाविषयी?" आणि मगच ३५व्यात फिलिप्प तोंड उघडतो. आणि सुरुवात कुठून करतो? 'याच लेखापासून'. ज्या जागी त्या माणसाचं बोट होतं, तिथून.

नाथान संदेष्टा आणि दावीद राजाही तसेच. २ शमुवेल १२. श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी घेतली हे ऐकून दावीद संतापून निवाडा देतो, आणि त्यानंतरच नाथान म्हणतो, "तो मनुष्य तूच." अर्थ सांगितला, धारदार सांगितला, पण ऐकणाऱ्याचं बोलून झाल्यावर. हेच वाक्य त्याने आधी उच्चारलं असतं तर बहुधा त्याचं डोकं उडालं असतं.

तेव्हा अर्थ सांगण्याची बाजू मी सोडत नाही, पण कधी सांगायचा याबाबत माझं चुकत होतं. बाई, तुम्ही त्या आजोबांकडे परत जा. वासरापासून सुरुवात करा.

कथेकरीण

चार दिवस इथे आले नाही, कारण पाळकसाहेबांनी सांगितलं तेच करायला गेले होते.

बसल्यावर आधी आजोबांची माफी मागितली. म्हटलं, बाबा, तुम्ही वासराचं विचारलंत, ते बरोबर होतं, पुस्तकातही तसंच आहे. मी ऐकलं नाही. आज गोष्ट तुम्हीच सांगा.

त्यांनी सांगितली. धाकट्याचं उधळणं दोन वाक्यांत उरकलं. दुष्काळावर रेंगाळले (तळटीप, हे तुमच्यासाठी). बाप धावला तिथे आवाज बसला, कारण म्हणाले, आमच्यात मोठा माणूस धावत नाही. आणि मग थोरल्यापाशी आले. थोरला दिवसभर शेतात होता, त्याला कुणी निरोप धाडला नाही, त्याच्या वाट्याचं वासरू कापलं, गाणं-बजावणं कानावर आलं तेव्हा नोकराला विचारावं लागलं. हे सगळं लूकमध्ये आहे, मी बघून घेतलं. आजोबांनी एकच वाक्य स्वतःचं घातलं: "बापाने एकाला माफ केलं, पण किंमत दुसऱ्याच्या गोठ्यातून गेली."

मला बोलायचं होतं. जीभ दातांखाली धरली.

एक तरुण मुलगी म्हणाली, "बाप बाहेर आला होता ना पण त्याच्याकडे?" आजोबा म्हणाले, "आला. माझा नाही आला." मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. आजोबा थोरले आहेत हे आम्हाला सहा वर्षांत माहीत नव्हतं.

नंतर त्यांनीच मला विचारलं, "तो आत गेला का शेवटी?" मी म्हटलं, येशूने सांगितलं नाही, गोष्ट तिथेच संपते. त्यांना ते पटलं नाही. असं कसं, कुणीतरी विचारलं असेल. मग सगळेच सुरू झाले, गेला, नाही गेला, बायको-मुलांसाठी गेला असेल. निघायची वेळ झाली तरी थांबेनात.

आजोबांनी जाताना विचारलं की हा सांगणारा येशू स्वतः थोरला होता की धाकटा? मी म्हटलं, पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू. आता मी तयारी करतेय, आणि काय सांगावं यावर तुमची मदत हवी आहे.

दुभाषी

थोरला. लूक २:७, 'प्रथमपुत्र'. आणि रोमकरांस ८:२९, 'पुष्कळ बंधूंमध्ये ज्येष्ठ'. पण ही वचनं आधी सांगू नका. त्यांना विचारा, थोरल्याने काय करायला हवं होतं?

हातवारे

आणि विचारून झाल्यावर हात मांडीवर ठेवा. आम्ही असंच करतो. हात खाली गेले की समोरच्याला कळतं, आता त्याची पाळी.